गालगुंडाच्या बाजूने

मे महिन्यात चेन्नईला जाणारा माणूस एक तर वेडा असावा किंवा गरजू. आम्ही दोन्ही होतो. त्यातून आम्ही मिरजेचे. आमच्या गावात दवाखान्यांना तोटा नाही. आसपासच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून लोक डबे-गाठोडी घेऊन येतात आणि स्टेशनवरचा रिक्षावाला त्यांना पत्ता विचारत नाही, डॉक्टर विचारतो. अशा गावच्या माणसाने उपचारांसाठी परगावी जायचं म्हणजे नामुष्कीच. म्हणून शाळेत मी नुसतं "चेन्नई बघायला" एवढंच सांगितलं. मराठीच्या बाई म्हणाल्या, "कांजीवरम आणा हो एखादी." साडी काही आणली नाही. काय घेऊन आले ते इथे लिहिते.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. अविनाश म्हणजे माझा नवरा. शाळेत असताना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तो चेन्नईला इंदूमावशींकडे राहायला गेला होता. इंदूमावशी ही माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. तिकडच्या तंजावरी मराठी घरात दिलेली. तिचा मुलगा राघव अविनाशच्याच वयाचा. त्या सुट्टीत आधी राघवला गालगुंड झालं, मग अविनाशला. राघवचे गाल सुजले आणि उतरले. अविनाशची सूज मात्र गालांवरून खाली गेली, मुलग्यांना जिथे ती येऊ नये नेमकी तिथे. ताप आला, गेला, पोरगा बरा झाला, सगळे विसरले. पुढे आमचं लग्न झालं, मूल होईना, तपासण्या झाल्या आणि अविनाशच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नाही असं निघालं. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी गालगुंड?" आम्ही हो म्हटलं. संपलं. त्यापुढे कुणी काही शोधलंच नाही.

सासूबाईंनी त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं टाकलं. "आजारी पोराशेजारी माझं पोर निजवलं तिनं," हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात इतक्यांदा ऐकलं आहे की आमटीला फोडणी घातली की अजून कानात वाजतं. फोन नाही, लग्नकार्याचं बोलावणं नाही. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा मावशींना आम्ही तेरावं झाल्यावर कळवलं, कारण तशी त्यांची सक्त ताकीद होती.

आणि मग आम्हाला चेन्नईतल्या अड्यारच्या एका डॉक्टरबाईंबद्दल कळलं. एकाच घरात, एकाच विषाणूने, एका मुलाचं काहीच बिघडत नाही आणि दुसऱ्याला कायमचं वंध्यत्व येतं, असं का? हा फरक त्यांच्या जनुकांत असतो का? यावर त्या संशोधन करत होत्या. त्यांना असे जोडीने आजारी पडलेले भाऊ हवेच होते. पण आमचा जीव अडकला तो त्यांच्या फोनवरच्या एका वाक्यात. त्या म्हणाल्या, गालगुंडाने नुकसान केलं असेल तर ते बऱ्याचदा सगळीकडे सारखं नसतं. एखाद्या कोपऱ्यात काही जिवंत राहिलेलं असू शकतं. छोटी शस्त्रक्रिया करून ते शोधता येतं. इतकी वर्षं ज्या आजाराला शिव्या घातल्या, तोच आता दोषी ठरावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो. आम्ही गालगुंडाच्या बाजूने झालो होतो.

एग्मोर

मावशींकडे उतरायची हिंमत नव्हती म्हणून एग्मोरला स्टेशनजवळ लॉज घेतला. खोलीतला पंखा गरम हवा इमानेइतबारे एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे पोचवत होता. दुपारी खाली जेवायला गेलो. केळीचं पान समोर आलं. वाढप्याने भाताचा ढीग घातला आणि मी काही बोलायच्या आत त्यावर रसम ओतलं. आपल्याकडे पातळ पदार्थाला वाटी असते. इथे भातातच बांध घालून रस अडवायचा असतो, हे मला माझ्या मांडीवर रसम आल्यावर समजलं. अविनाश हसला. किती दिवसांनी हसला होता. मला चटका बसला होता तरी मी पुसायची घाई केली नाही.

जेवण झाल्यावर मी पान उचलून व्यवस्थित मिटलं, तर मागून एक हात आला आणि त्याने ते उघडून उलट दिशेने मिटलं. "मन्नी, आपल्या अंगाच्या बाजूला मिटायचं. तिकडे मिटलं तर सुतकाचं जेवण," असं म्हणत एक टक्कल पडू लागलेला, गोल चेहऱ्याचा माणूस समोर बसला. तो राघव. मन्नी म्हणजे वहिनी. अविनाशने तपासणीसाठी रक्त द्यायला ये एवढंच सांगून त्याला फोन केला होता आणि लॉजचं नाव सांगण्याची चूक केली होती.

"अम्माला कळलं तुम्ही लॉजमध्ये उतरलांत म्हणून. सकाळपासून तिने खाल्लं नाही," राघव म्हणाला. "मला मराठी सगळं समजते, बोलाला अडकते. म्हणून भांडण करत नाही. बॅग कुठं आहे?"

अविनाशने उठून राघवला मिठी मारली. खरकट्या हातानेच.

मांबलम

मावशींचं घर मांबलमला, एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दारात तांदळाच्या पिठाचं कोलम होतं. आपण दिवाळीत रांगोळी काढतो आणि चार दिवस जपतो; इथे रोज पहाटे काढतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या पायाखाली जाते, त्याचं कुणाला काही नाही.

मावशी दारातच उभ्या होत्या. बुटक्या, सुती नऊवार नव्हे तर साधी पाचवारीच, पण चेहरा बघून मी दचकले. सासूबाईच. तेच नाक, डोळे बारीक करून बघायची तीच लकब. फक्त या हसत होत्या.

"आलांत? या की आंत. अय्यो कण्णा, किती वाळलास रे. अक्काचं नाक तेवढं राहिलंय." त्यांनी अविनाशच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्याकडे वळल्या. "तुला मी लग्नांत बघितलें तेवढीच. बस पा. कॉफी घे आधी, रडूं मागून."

कॉफी आणली राघवच्या बायकोने, पितळी टंबलर आणि डबऱ्यातून; त्यांच्या दोन्ही मुली सुट्टीत आजोळी गेल्या होत्या. डबरा म्हणजे वाटीसारखं पसरट भांडं. त्यात ओतून, उंचावरून फेस आणून प्यायची. मी ओतायला गेले आणि अर्धी साडीवर. त्या दिवशी चेन्नईतल्या बहुतेक पातळ पदार्थांनी माझ्या अंगावर येण्याचं ठरवलं होतं.

जेवायला डांगर पचडी होती. नाव आपलंच वाटलं, पण आपलं डांगर कांदा-मिरची घालून कालवलेलं. इथे उडदाचं पीठ ताकात, वरून मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी. मावशींच्या हाताला चव होती. सासूबाईंच्या हातालाही होती, पण जेवताना त्या नेहमी कशावर तरी चिडलेल्या असत.

जेवण झाल्यावर मावशी आतून एक सोन्याची साखळी घेऊन आल्या. बारीक, जुनी, कडी दोनदा बदललेली. "आठवते का रे?" त्यांनी विचारलं.

अविनाशच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. राघव मात्र खुदकन हसला आणि मला समजावू लागला. तमिळमध्ये गालगुंडाला पोन्नुक्कु वींगी म्हणतात, म्हणजे सोन्यासाठी आलेली सूज. देवीला सोनं घालायची हौस आली की ती मुलाचे गाल फुगवते. मुलाच्या गळ्यात सोन्याची साखळी घातली की खूश होऊन सूज उतरवते. म्हणून हा आजार म्हणजे घरात थोडं कौतुकाचं काम. त्या सुट्टीत घरात साखळी एकच होती. दिवसा राघवच्या गळ्यात, संध्याकाळी अविनाशच्या. आणि साखळीची पाळी सोपी जावी म्हणून दोघांना एकाच चटईवर निजवत.

"अवि तर रडत होता, माझे गाल कां नाही सुजले म्हणून," मावशी म्हणाल्या. "राघूला साखळी मिळाली, मला नाही, म्हणायचा. मग मीच म्हणितलें, तूही नीज बाजूला, तुलाही घालूं. सोन्याचा आजार, त्यांत काय लांब ठेवायचं?" त्यांनी साखळी तळहातावर गोळा केली. "मी ही मोडली नाही. तुमच्या बाळाला घालाय म्हणून ठेवली."

मी दहावीला विज्ञान शिकवते. विषाणू श्वासातून, थुंकीतून पसरतो हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. निरोगी मुलाला आजारी मुलाजवळ निजवणारी ही बाई माझ्या वर्गात असती तर मी तिला बाकावर उभं केलं असतं. पण ती समोर बसून माझ्या न झालेल्या बाळाची साखळी कुरवाळत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मदत करायला स्वयंपाकघरात गेले. नारळ खवता खवता त्या आपणहून म्हणाल्या, "अक्काचं चुकलं नाही. माझंच चुकलं."

मला वाटलं, बरं झालं, यांना ठाऊक आहे.

"राघूला मुलगी झाली ना, तेव्हां मी फोन केलें अक्काला. फार हसलें गे त्या दिवशी फोनवर. कसं काळं जावळ आहे, कशी टकामका बघते, सगळं सांगितलें. तिच्या घरांत पाळणा नाही, हे माझ्या मनांत राहिलंच नाही. त्यानंतर अक्का बोललीच नाही. कां बोलेल? मीही तिच्या जागी असते तर बोलले नसते." खवणी थांबली. "दुसरी झाली तेव्हां मी कुणालाच कळवलें नाही. बारसं पण गुपचूप केलें."

आमच्या तपासणीचा निकाल त्याच सुमारास आला होता. म्हणजे मावशींना काहीच माहीत नव्हतं. सासूबाईंनी आमच्या घरात इतकी वर्षं खटला चालवला, शिक्षा दिली, पण आरोपीला आरोप कळवलाच नव्हता. आणि मावशींनी स्वतःच एक गुन्हा शोधून काढला होता, खऱ्या आरोपापेक्षा कितीतरी सौम्य, आणि त्याची शिक्षा म्हणून स्वतःच्या नातीचं बारसं दार लावून केलं होतं. मला सासूबाईंचा इतका राग आला की त्या मेल्या आहेत हे क्षणभर विसरायला झालं.

हे अविनाशला सांगायचं मी ठरवलं. पण तपासणी तोंडावर होती, तो दोन घास कसेबसे गिळत होता. म्हटलं, निकाल लागू दे, मग सांगू. सांगायला हवं होतं.

अड्यार

संशोधन केंद्र अड्यारच्या एका झाडीच्या रस्त्यावर होतं. आत इतका गारवा होता की मला शाल आणली नाही याचं वाईट वाटलं. मे महिन्यातल्या चेन्नईत असं वाटू शकतं हे घरी कुणाला पटलं नाही. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा, पायांत कॅन्व्हासचे बूट. आमच्याकडे गजरा माळून आलेल्या डॉक्टरला लोक लग्नाला निघालात का विचारतील. इथे प्रयोगशाळेतल्या मुलींच्या केसांतही फुलं होती.

राघव रक्त देताना डोळे गच्च मिटून बसला आणि तमिळमध्ये आईला हाका मारू लागला. दोन मुलींचा बाप. तिथली परिचारिका त्याला हसून काहीतरी बोलली, त्याने मला भाषांतर करून सांगितलं, "म्हणते, सोन्याची साखळी घाला यांना." आम्ही तिघंही हसलो. आशेवर असलेली माणसं फार सहज हसतात.

मधले दिवस निकालाची वाट बघण्यात गेले. मावशींनी आम्हाला कपालीश्वराला नेलं, समुद्रावर नेलं. समुद्रावर मी अविनाशच्या शेजारी वाळूत बसले होते. तो म्हणाला, "मुलगी झाली तर मला चालेल. मुलगा झाला तरी चालेल." इतक्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. मी त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं की नाही, अजून मला ठरवता येत नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. मी शिक्षिका आहे. नापासाचा निकाल सांगायच्या आधी माणूस काय करतो ते मला कळतं.

त्या म्हणाल्या, अविनाशच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडाच नाही. जन्मापासून नाही. शुक्रजंतू तयार करण्याच्या सूचना ज्या भागात असतात, नेमका तो भाग. वडिलांकडे तो असणारच, नाहीतर अविनाश जन्मलाच नसता. मुलाकडे येताना गळला. का गळला याला उत्तर नाही; असं होतं.

प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स काढताना मधलंच एक पान सुटावं, तसं. वाय गुणसूत्र मी दर वर्षी फळ्यावर काढते, आखूड, खाली निमुळतं, आणि मुलं हसतात. त्या चित्रातला एवढासा खडू पुसला की माणसाच्या घरात पाळणा हलत नाही.

"आणि गालगुंड?" अविनाशने विचारलं. त्याचा आवाज अजून आशेत होता.

"त्याचा संबंध नाही," त्या म्हणाल्या. "गालगुंड झालं नसतं तरी हेच झालं असतं."

"शस्त्रक्रिया करून एखाद्या कोपऱ्यात..."

त्यांनी मान हलवली. इकडचे लोक मान अशी हलवतात की हो आहे की नाही ते परक्याला कळत नाही. या वेळी कळलं. या प्रकारात कधीच काही सापडत नाही, उगाच चिरफाड करून घेऊ नका, असं त्या अगदी हळू म्हणाल्या. मग थोडं थांबून, संकोचून, त्यांनी हेही सांगितलं की आता अविनाश त्यांच्या संशोधनात बसत नाही. त्यांना गालगुंडाने बिघडलेले लोक हवे होते. म्हणजे आम्ही त्यांच्याही उपयोगाचे राहिलो नाही.

बाहेर आलो तर ऊन असं होतं की डोळ्यांपुढे अंधारी आली. अविनाश फूटपाथवर एका झाडाखाली उभा राहिला. रडला नाही. मी रडले. येणारे-जाणारे बघत होते, मला त्याची लाज वाटली नाही. ज्या आजाराचा आम्ही इतकी वर्षं द्वेष केला, त्याच्यावर भरवसा ठेवायला लागून आम्हाला महिनासुद्धा झाला नव्हता आणि त्यानेही हात वर केले. लग्न झाल्यापासूनचे सगळे उपास, सगळी औषधं, बायकांची बोलणी, सगळं एका गळलेल्या तुकड्यासाठी होतं आणि त्यातलं काहीच त्या तुकड्यापर्यंत पोचणार नव्हतं. यापुढेही पोचणार नाही. मला आई व्हायचं होतं. दुसरे मार्ग आहेत, मला माहीत आहेत, कृपा करून कुणी मला ते सांगू नयेत.

पुन्हा मांबलम

मावशींनी दार उघडलं. त्यांनी गोड केलं होतं. वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत येत होता. आमचे चेहरे बघून त्यांनी पाण्याचे पेले आणून ठेवले आणि जमिनीवर बसल्या. राघव कामावरून यायचा होता.

अविनाश त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. मला आता कळतं त्याच्या मनात काय होतं. त्या दिवशी त्याच्याकडे जगात कुणाला तरी देता येईल अशी एकच चांगली बातमी होती, आणि ती त्याला द्यायची होती. मी "अवि" म्हणून हाक मारली, पण तोवर तो बोलून गेला होता.

"मावशी, गालगुंडाचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं. जन्मापासूनच होतं. तुझा काही दोष नाही. आई उगीचच तुला दोष देत होती."

मावशी हसल्या आधी. ऐकताना हसायची त्यांची सवय. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे बारीक झाले, अगदी सासूबाईंसारखे.

"मला? कुठला दोष?"

अविनाशने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आता मागे फिरायला वाट नव्हती. त्याने सांगितलं, तुटक तुटक, शक्य तितकं मऊ करून. मऊ होत नव्हतं.

"अक्का असं म्हणाली?" मावशींनी विचारलं. "मी पोराला आजार दिलें म्हणून?"

"चुकीचं होतं ते, मावशी. आता सिद्धच झालं ना."

"मी म्हणत होतें, फार हसलें म्हणून रागावली." त्या स्वतःशीच बोलत होत्या. "हसण्यावर रागावली असती तर मी बरी होतें."

त्यांनी उठून आमची पानं मांडली. गोड वाढलं. अविनाश आणि मी ते खाल्लं, कारण न खाण्याची आमची छाती नव्हती. त्या स्वतः बसल्या नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. वाटेसाठी चिंचभात, मोळगापोडीची, म्हणजे इडलीबरोबरच्या तिखट चटणीची बाटली, माझ्यासाठी विड्याची पानं, नारळ आणि मोगरा. आपण विधवा म्हणून स्वतः कुंकू लावत नाही म्हणाल्या, सुनेला माझ्या कपाळाला लावायला सांगितलं. साखळीचा विषय निघाला नाही. राघव बॅगा घेऊन पुढे गेला. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला.

"डॉक्टरांनी नक्की सांगितलें ना? माझ्याकडून नाही झालं?"

"नक्की, मावशी."

"मग हे आतां अक्काला कोण सांगेल?"

खाली रिक्षा हॉर्न वाजवत होती. मी नारळाची पिशवी उचलली आणि जिना उतरले.

मिरजेला आल्यावर जूनमध्ये शाळा सुरू झाली. आनुवंशिकतेचा धडा यंदा मी दुसऱ्या बाईंना दिला. मी मावशींना दर रविवारी सकाळी फोन करते. उचलतो राघव. "अम्मा निजली आहे, मन्नी," म्हणतो. त्याच्या आवाजामागे तिकडे टंबलरमधून डबऱ्यात कॉफी ओतल्याचा आवाज येतो, उंचावरून, सावकाश, आणि मग कुणीतरी तो मध्येच थांबवतं.